अक्काच्या ईडलिंबाची साल

"तुम्ही काय करत होता?" या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं की एस.टी.तला शेजारी आधी हसतो, मग जरा सरकून बसतो आणि पुढचा थांबा यायच्या आत हळूच विचारतो, "मग तुम्हाला फुकटच मिळत असंल की?"

मी बिअर बनवायचो. प्यायचो नाही, विकायचो नाही, बनवायचो. हा फरक मी आयुष्यभर लोकांना समजावून सांगितला आणि कुणाच्या डोक्यात तो शिरला नाही. गल्लीतल्या पोरांसाठी मी "दारूवाले काका" आणि त्यांच्या आयांसाठी "ते". सत्यनारायणाचा प्रसाद येतो, पण पूजेचं बोलावणं येत नाही. आणि हेच बोलावणं न करणारे नवरे रस्त्यात गाठून विचारतात, "काका, पोराच्या बारशाला पाव्हणे येणार हायेत, काही जमंल का?" आता काय बोलायचं यावर!

या अंकाच्या संपादकांना माझ्या धंद्याची गंमत वाटली. "किस्से लिहा," म्हणाले. किस्से आहेत, पण माझ्या कामात किश्शांपेक्षा वाट बघणं जास्त होतं, तेव्हा वाचकांनी थोडं सांभाळून घ्यावं.

बिअर म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण हातभट्टी आणि बिअर यांना एकाच चुलीवर बसवणारे लोक फार. जव भिजवून मोड आणायचे, वाळवायचे, भरडायचे, गरम पाण्यात ठेवून त्यांचा गोडवा काढायचा. ते गोड पाणी उकळायचं आणि त्यात हॉप्स नावाच्या वेलीची कडवट फुलं टाकायची. थंड करून खमीर घालायचं. मग खमीर आपलं काम करतं आणि माणूस गप बसतो. ज्यानं घरात आंबील किंवा इडलीचं पीठ आंबवलंय त्याला यातलं निम्मं कळतं. उरलेलं निम्मं म्हणजे स्वच्छता. दिवसभर मी जितकी भांडी आणि नळ्या धुतल्या तितक्या कुठल्या सुनेनंही धुतल्या नसतील.

उमेदीची वर्षं संभाजीनगरच्या एका मोठ्या कारखान्यात गेली. तिथं बिअर दिसायचीच नाही, काटे आणि नळ्या दिसायच्या. बायको, शालिनी, आजारात गेली, मूलबाळ नव्हतं, आणि मी आपल्या मुलखात परत यायचं ठरवलं. नळदुर्गजवळ हैदराबाद रस्त्यावर एका मालकानं मोठं हॉटेल काढलं होतं आणि तिथंच बिअर बनवून तिथंच पाजायचा परवाना घेतला होता. काचेच्या पलीकडं दोन चकचकीत टाक्या, आणि टाक्यांच्या पलीकडं मी. जेवणाऱ्यांना मी दिसायचो, मला ते दिसायचे, आवाज मात्र इकडचा तिकडं जायचा नाही. बाहेर बोर्ड होता, "आमच्या घरची बिअर". घर कुणाचं, ते काही मला कधी कळलं नाही. माझ्या स्वतःच्या घरी तर दोन खोल्या आणि रेडिओ.

आणि अक्का.

अक्का माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा अक्का नुकती लग्न होऊन तेरला गेली होती. तिनं मला सासरी नेलं, शाळेत घातलं, कॉलेजला धाराशिवला ठेवलं. मी बी.एस्सी. झालो ते तिच्यामुळं. आमचे दाजी स्वभावानं देवमाणूस, पण प्यायचे. हातभट्टीची प्यायचे. त्यातच गेले. अक्कानं तिशीही ओलांडली नव्हती. पुढं मला कारखान्यात नोकरी लागली, पेढे घेऊन तिच्याकडं गेलो, आणि कसला कारखाना ते सांगितलं. तिनं हातातला पेढा खाली ठेवला.

"ज्यानं माझं वाटोळं केलं ते तू बनिवणार व्हय रं दिगू?"

"अक्का, ती हातभट्टी. ही बिअर. लई फरक असतो."

"असंल. तू शिकलेला हायेस, तुला म्हाईत. पर तुझ्या उंबऱ्याच्या आत माझा पाय पडणार न्हाय."

आणि पडला नाही. शालिनी गेली तेव्हा अक्का पहिल्या गाडीनं आली, पण अंगणात बसली. भर उन्हात, डोक्यावर पदर घेऊन, दिवसभर. शेजारच्या बाया तिला आत चला म्हणत होत्या. ती नुसती मान हलवायची. मी आतून तिच्याकडं बघत होतो आणि शालिनीसाठी रडावं की हिच्यासाठी हे मला समजत नव्हतं. तेव्हापासून मी मनात एकच गोष्ट धरून होतो: अक्कानं एकदा माझ्या घरात यावं. बाकी आयुष्यात मला फार काही नको होतं.

आता सालीचं सांगतो. मालक एकदा पुण्याला जाऊन आले आणि आल्या आल्या माझ्या खोलीत शिरले. "मास्तर," म्हणाले (ते मला मास्तर म्हणायचे, मी एकही पोरगं शिकवलेलं नाही), "तिकडं बिअरला संत्र्याचा वास येतो. लोक नुसते हुंगत बसत्यात. आपल्याला बी तसं काहीतरी पायजे."

ऐकायला सोपं वाटतं. टाकीत लिंबू पिळून चालत नाही. रसानं नुसता आंबटपणा येतो, वास येत नाही. वास असतो सालीत, तोही वरच्या रंगीत पापुद्र्यात, जो दाबला की बारीक तेल उडतं आणि डोळ्यात गेलं की आई आठवते. त्याच्या खालचा पांढरा भाग म्हणजे कडू जहर. म्हणून किसणीवर हलक्या हातानं, फळ फिरवत फिरवत, रंग तेवढा उतरवायचा आणि पांढरं दिसलं की हात थांबवायचा. बरं, तो कीस उकळत्या भांड्यात टाकला तर सगळा वास वाफेबरोबर छपरावरच्या कावळ्यांना. मी तो थोड्या कडक दारूत भिजवायचो आणि बिअर आंबून शांत झाली की मलमलच्या पुरचुंडीत बांधून टाकीत सोडायचो. आधी लहान बरणीत करून बघायचं, मगच टाकीत. अति झालं तर प्रकरण सरबतावर जातं.

कागदी लिंबाची केली. एका गिऱ्हाइकानं ग्लास नाकाशी नेऊन मोठ्यांदा सांगितलं, "भांडी नीट विसळत जावा, साबणाचा वास येतोय." दुसऱ्या एकानं त्याच बिअरमध्ये वरून अख्खं लिंबू पिळलं, मीठ टाकलं, ढवळलं आणि मग "आता बरी लागतीय" म्हणाला. काचेच्या मागं उभा राहून मी हे बघत होतो आणि मला बाहेर जाऊन त्याचा हात धरावासा वाटत होता. संत्र्यांना मेण लावलेलं निघालं. मोसंबी बरी, पण सौम्य. कुणाच्या अध्यात ना मध्यात.

या दिवसांत सोललेल्या लिंबांची एक वेगळीच भानगड झाली. कीस काढलेली पांढरीफटक लिंबं स्वयंपाकघराला पुरून उरायची. ती मी पोत्यात भरून मागच्या वळणावर खतासाठी ठेवली. सकाळी बघतो तर रस्त्यानं जाणारी माणसं पार बांधावरून वळसा घालून चाललेली. कुणीतरी करणी केलीय अशी बोंब झाली होती. एवढी लिंबं, तीही कातडी सोललेली, म्हणजे करणी साधीसुधी नाही! हॉटेलातल्या वाढप्यांनीही त्या वाटेनं यायला नकार दिला. मी सगळ्यांसमोर त्यातलं एक लिंबू कापून सरबत करून प्यालो. त्यानंतर लोक लिंबांना सोडून मला वळसा घालून जायला लागले.

एक रविवारचे गुरुजी होते. सोलापूरहून यायचे, निवृत्त, एकटे. डॉक्टरनं पिणं बंद केलेलं. ते एक ग्लास मागवायचे, समोर ठेवायचे, मधून मधून वास घ्यायचे आणि तसाच ठेवून उठायचे. वाढपी हसायचे. मी एकदा बाहेर जाऊन त्यांना विचारलं, तर म्हणाले, "घरात कशालाच वास येत नाही हो. फोडणीसुद्धा नाही. कोण देणार?" मी मान डोलावली आणि आत आलो. माझ्याकडं रात्रीची भाकरी डब्यातून यायची. पुढं मी दर रविवारी त्यांच्या ग्लासात थोडा ताजा कीस टाकून पाठवायचो. ते काचेकडं बघून हात वर करायचे. आमची मैत्री एवढीच.

ईडलिंबू मला आठवलं ते त्यांच्याच एका वाक्यावरून. "तुमच्या बिअरला वास आहे, पण तो कुणाच्या गावचा आहे ते कळत नाही," म्हणाले. अक्काच्या विहिरीवर ईडलिंबाचं झाड आहे. मोठं, खडबडीत फळ, मुठीत मावत नाही, आमच्याकडं लोणच्याला वापरतात. त्याची साल नखानं नुसती ओरबाडली तरी सगळ्या विहिरीवर वास पसरतो. दरवर्षी अक्का त्याचं लोणचं मला एस.टी.नं पाठवायची. घरात येत नव्हती, पण लोणचं चुकवत नव्हती.

तेरला गेलो. अक्का अंगण झाडत होती. शेत बटईनं दिलेलं, घरात ती एकटी. चहा झाला, तेरणा नदीला पाणी किती आलं ते झालं, आणि मी आडवळण न घेता सांगितलं, "अक्का, मला ईडलिंबाची साल पायजे. बिअरसाठी."

ती झाडू हातात घेऊन तशीच उभी राहिली. मला वाटलं, आता हाकलून देते. मग झाडू भिंतीला टेकवून म्हणाली, "फळ देणार न्हाय. साल देईन."

"सालच पायजे मला."

"आन एक ध्यानात ठिव. त्या दारूचं माझ्यापाशी नाव काढायचं न्हाय. कशी झाली, कुणी पिली, काय बी सांगायचं न्हाय. साल पाठविली की माझं काम संपलं."

"बरं," म्हणालो. त्या वेळी मला आनंद इतका झाला होता की ती आणखी काहीही म्हणाली असती तरी मी बरंच म्हणालो असतो. इतक्या वर्षांनी अक्का माझ्या कामाच्या उंबऱ्यापर्यंत आली होती. आता घराचा काय तो उरला, असा माझा हिशेब.

पहिली साल आली ती आईच्या पितळी डब्यातून. हा डबा आईच्या लग्नातला, घट्ट झाकणाचा. अक्का स्वतः तेरहून धाराशिवच्या स्टँडपर्यंत यायची आणि नळदुर्गच्या गाडीच्या मुलाणी कंडक्टरच्या हातात तो द्यायची. मुलाणी सगळ्या वाटेनं तो डबा आपल्या सीटखाली पायांत धरून आणायचा. झाकण उघडलं आणि काय सांगू, माझ्या त्या धुऊन धुऊन निर्जीव झालेल्या खोलीत तेरची विहीर आली. साल अशी पातळ उतरवलेली की पांढऱ्याचा मागमूस नाही. ती वाळू नये म्हणून अक्कानं वरून थोडा रस शिंपडला होता. लोणचं घालणारा हात तो, त्याला दुसरं काय सुचणार! साल हिरवट होती, पण ईडलिंबू थोडं कच्चं असलं की तशी असतेच. मी घाईघाईनं ती भिजत घातली. बरणीत करून बघायचं, हा माझा स्वतःचा नियम त्या दिवशी मला आठवलासुद्धा नाही. सरळ टाकीत सोडली.

ग्लास भरून नाकाशी नेला तेव्हा वास असा की डोळे मिटावेत. घोट घेतला आणि तोंडात जणू किल्ली धरलीय.

मी सगळं उकलून बघितलं. नळ, झडपा, रबरी चकत्या, पाणी. तोटीतलं पाणी प्यालो, टाकीतलं पाणी प्यालो. पाण्याला काही नाही. आपली जीभच बिघडली की काय म्हणून साखर खाऊन बघितली. शेवटी थकून दुपारी खोलीतल्या स्टुलावर बसलो, डबा समोरच होता, आणि एकदम लहानपणीचं ताक आठवलं. कल्हई गेलेल्या पितळेत ताक राहिलं की कळकतं, पितळेचा कडवटपणा त्यात उतरतो. कुठल्याही घरात आई पोरांना ते ओतून टाकायला लावायची. डबा उजेडात नेऊन बघितला. आतली कल्हई कधीच उडाली होती, आणि कडेनं रसाची हिरवी रेघ बसली होती. अख्खी टाकी कळकली होती.

ती सगळी बिअर गटारात सोडली. मालक आधी ओरडले आणि मग म्हणाले, "आज किल्ल्यातली उंदरं बी गाणी म्हणतील." मी हसलो. काम म्हणून त्याचं दुःख मला एक दिवस झालं. खरी पंचाईत पुढंच होती. अक्काला हे सांगायचं कसं? तिनं नाव काढायचं नाही म्हणून बजावलेलं. आणि नाव काढलंच तर काय सांगू? तू इतक्या वर्षांनी हात पुढं केलास आणि आईच्या डब्यानं घाण केली?

स्टीलचा डबा पाठवून बघितला. तो तिनं पिठाला घेतला आणि साल परत पितळेतून आली. फोनवर म्हणालो, "अक्का, स्टीलचा हलका पडतो की मुलाणीला."

"का? आईचा डबा तुझ्या त्याला चालत न्हाय व्हय?"

"तसं न्हाय अक्का."

"मग ऱ्हाऊ दे."

कल्हईवाला शोधला. तुळजापुरात एक म्हातारा होता म्हणून कळलं, तर त्याच्या जागी नातवाचं मोबाइलचं दुकान. त्यानं डबा उलटासुलटा करून बघितला आणि "काका, शोपीस छान हाय" म्हणाला.

तेव्हापासून असं चालू झालं: डबा यायचा, मी झाकण उघडायचो, वास घ्यायचो, साल बाहेर काढून हॉटेलमागच्या कडुलिंबाच्या बुडाशी पुरायचो, डबा घासायचो आणि त्यात शेंगदाणे किंवा खारीक भरून परत पाठवायचो. बिअरला मोसंबीची साल वापरायचो. त्यातून मालकानं मात्र मोठा घोळ करून ठेवला. पहिली साल आली तेव्हाच उत्साहानं त्यांनी बोर्ड रंगवून घेतला होता: "तेरच्या ईडलिंबाची घरची बिअर". मी म्हणालो, "मालक, ती मोसंबीची आहे." ते म्हणाले, "रंग वाळलाय आता, मास्तर." गिऱ्हाइकं हुंगायची आणि एकमेकांना सांगायची, ईडलिंबू ते ईडलिंबूच. मी काचेच्या मागं उभा. इतकं एकटं मला शालिनी गेल्यावरही वाटलं नव्हतं. एका माणसाशी बोलायचं होतं आणि तेवढं एकच बोलायला मनाई होती.

मुलाणीनं तो बोर्ड वाचला. बिचारा भला माणूस, त्याला वाटलं आपण चांगलंच करतोय. धाराशिवच्या स्टँडवर अक्काला म्हणाला, "मावशी, तुमच्या झाडाचं नाव पार हायवेवर लागलंय. लोक हैद्राबादहून वास घ्यायला येत्यात." अक्कानं त्याला डबा दिला नाही म्हणे. तशीच गाडीत चढून बसली.

दुपारची वेळ. हॉटेलात गर्दी नव्हती. वाढपी सांगत आला, "मास्तर, मागं एक म्हातारी उभी हाय, आत या म्हणलं तर येईना." मी ओळखलं. धावत गेलो. कडुलिंबाखाली अक्का उभी होती, पदर डोक्यावर, डबा काखेत.

"अक्का! अगं सांगायचं तरी."

"ते आण बघू."

"काय?"

"माझ्या लिंबाचं जे केलंस ते. पिणार न्हाय म्या. वास बघते."

ग्लास भरून आणला. ज्या बाईनं हातातला पेढा खाली ठेवला होता, तिनं तो ग्लास दोन्ही हातांत धरला, डोळे मिटले आणि वास घेतला. एकदा. परत एकदा. मग माझ्याकडं बघितलं.

"हे मोसंबं हाय."

मी तिच्या हातातला ग्लास घ्यायला गेलो, तिनं दिला नाही.

"म्या चाळीस वर्सं त्या झाडाखाली ऱ्हातीया, दिगू. हा माझ्या झाडाचा वास न्हाय. माझी साल कुठं जाती?"

मी खाली बघितलं. ज्या मातीत ती उभी होती त्याच मातीत तिची साल होती. "इथंच," म्हणालो. "डबा कळकतोय अक्का. आईच्या डब्याची कल्हई गेलीय. पहिल्या वर्षी अख्खी टाकी ओतावी लागली. पुढं मी टाकीत घातलीच न्हाय."

"आन मला बोलला न्हाईस?"

"तूच म्हणाली होतीस, नाव काढायचं न्हाय."

यावर ती चिडेल असं मला वाटलं. चिडली नाही. ग्लास तिनं झाडाच्या पारावर अलगद ठेवला आणि स्वतःही बसली.

"त्यास्नी बी म्या हेच म्हणलं व्हतं," ती म्हणाली. "तुझ्या दाजीला. कुठं पिलं, किती पिलं, त्या दारूचं माझ्यापाशी नाव काढायचं न्हाय म्हणलं. लई वंगाळ बोलले व्हते म्या त्या दिवशी. मग ते बी गप ऱ्हायले. पोटात दुखायलं तरी बोलले न्हाईत, रगत पडायलं तरी बोलले न्हाईत. नाव निघंल म्हून. मला कळलं तवा डॉक्टर म्हणला, आता घरी न्या."

मी तिच्याजवळ बसलो. एवढ्या वर्षांत दाजींचं हे तिनं कुणालाच सांगितलं नसावं. मी तिचा हात धरला, तो लिंबाच्या रसानं खरबरीत झाला होता.

"घरात चल अक्का," म्हणालो.

"आज न्हाय." उठता उठता म्हणाली, "दिगू, काय झालं तर सांगत जा. वंगाळ झालं तरी सांगत जा. गप नगं बसू."

तिला गाडीत बसवून आलो. त्या हंगामात साल आली ती स्टीलच्या डब्यातून, कोरडी, रस न शिंपडता. यावेळी आधी बरणीत केली. मग टाकीत. रविवारच्या गुरुजींनी वास घेतला, काचेकडं बघितलं, आणि पहिल्यांदाच एक घोट घेतला. डॉक्टरनं मला शिव्या दिल्या तर चालतील, असं मला तेव्हा वाटलं. रात्रीची वाट न बघता मी अक्काला फोन लावला आणि सगळं सांगितलं, अगदी कीस किती घातला इथपर्यंत. तिनं ऐकून घेतलं आणि "लोणच्याला मग काय ठिवू? सगळी साल तूच नेलीस," म्हणाली.

ती एकच टाकी. मालकाच्या मुलांनी हिशेब मांडला: तुळजापूरला जाणारी कुटुंबं बिअर बघून गाडी पुढं दामटतात. हॉटेल शुद्ध शाकाहारी करायचं ठरलं. टाक्या क्रेननं उचलून ट्रकवर चढवल्या. मी खाली उभा राहून "हळू, हळू" म्हणत होतो, जणू कुणाला लागणार होतं. मालकांनी शाल-श्रीफळ दिलं, चांगलं बोलले. काच निघाली आणि तिथं आईस्क्रीमचं कपाट आलं.

मग मी घरी. सकाळी उठायचं, चहा, रेडिओ. हात उगाच नळ धुवायला उठायचे. डबेवाल्याशी दोन शब्द व्हायचे, त्यातला एक "ठेवा" असायचा. असे दिवस गेले, आणि एका संध्याकाळी लक्षात आलं की आज आपण मोठ्यानं एकही शब्द बोललो नाही. नेहमीचा मी असतो तर गप्पच बसलो असतो. तशी सवय. पण मी फोन उचलला.

"अक्का, टाक्या गेल्या. हॉटेलवाल्यांनी बिअर बंद केली. मी घरी बसून असतो."

"कवापासनं?"

"बरेच दिवस झाले."

मी रेडिओ बंद केला. मग बोललो. "अक्का, मला एकट्याला करमत न्हाय. लई वंगाळ वाटतंय."

कुठंतरी मागं तिच्या दाराची कडी वाजली.

"घरात पीठ हाय का?" तिनं विचारलं.

"न्हाय. डबा येतो."

"मग दळण घिऊन येते. सकाळच्या गाडीनं."